शेरा

मला फक्त घड्याळ धरायला बोलावलं.
औषधांच्या खिडकीला कडी घालून आले,
बोटांना अजून तापाच्या सिरपचा चिकटपणा.

बाळ टेबलावर होतं. रबरी, सहा महिन्यांचं,
रत्नागिरीहून सुटकेसमध्ये पाय मुडपून आलेलं.
जीभ तोंडाच्या मानाने मोठी.
खऱ्या बाळांचीही अशीच असते, डॉक्टर तस्नीम परकार म्हणाल्या,
म्हणून तर वाट सापडत नाही.

वहीत मी तीन रकाने आखले:
सरळ पातं. वाकडं पातं. कॅमेऱ्याचं पातं.
आणि सरकारी सवयीने चौथा: शेरा.

सुदेश पावसे दोन अंगठ्यांनी छाती दाबत होता,
एक आणि दोन आणि तीन आणि.
प्रत्येक दाबाला डोकं हलायचं,
हर्णैच्या बंदरात नांगरलेल्या होडीसारखं,
थोडंच, पण सारखं.
थांबायचं नाही हं, मॅडमनी बजावलं,
नळी जाईपर्यंत कुणीही थांबायचं नाही.

बुरोंडकर डॉक्टरांनी आपलं जुनं सरळ पातं उचललं.
एकोणीस सेकंद. पण तेव्हा सुदेश घाम पुसत होता.
तो दाबायला लागल्यावर एक्केचाळीस,
आणि एकदा नळी अन्ननलिकेत.
पोट फुगलं. छाती गप्प.
मी लिहिलं.

मग कॅमेऱ्याचं:
टोकाला डोळा, मुठीवर काडेपेटीएवढा पडदा,
पडद्यात गुलाबी घळ, दोन पांढरे काठ, मधे काळोख.
मॅडम सव्वीस. मॅडम सत्तावीस. हलत्या डोक्यावरही.
बुरोंडकर बावन्न.
"दिसतंय सगळं," ते म्हणाले,
"माझा हात कुठाय तेवढं कळत नाही."
तिसऱ्या खेपेला दमट हवेनं काच धुरकटली,
कोमट पाण्यात बुडवून पुसून घेतली,
तेही सेकंद मी धरले. धरायचे का, हे विचारलं नाही.

चोगले सिस्टर कोपऱ्यात ट्रे मांडत होत्या.
सत्तावीस वर्षं नोकरी, त्यातल्या निम्म्या रात्री एकट्या;
दापोलीहून डॉक्टर यायला पस्तीस मिनिटं, रस्ता रिकामा असला तर.
तुम्ही या, मॅडम म्हणाल्या.
छे, मला नाही जमायचं.
वाकड्या पात्याने खरंच नाही जमलं,
वरच्या हिरडीवर कट् असा आवाज झाला
आणि त्यांनी रबरी बाळाची माफी मागितली.
कॅमेऱ्याने: चौतीस.
छाती उचलली गेली. दोन्ही बाजूंनी सारखी.
सिस्टर पडद्याकडेच बघत राहिल्या,
बराच वेळ, घड्याळ बंद केल्यावरसुद्धा.

मला माहीत होतं त्या कुठे होत्या.
मागल्या मार्गशीर्षात, पाजपंढरीचं दीड वर्षांचं पोर,
पाण्याच्या हौदातून काढलेलं.
पात्याचा दिवा लागायचा, विझायचा,
खाऱ्या हवेनं जोडावर हिरवं चढलेलं.
मोबाइलची बॅटरी मी धरली होती. घड्याळ कुणीच नाही.
नळी बरोबर गेली. कधी गेली, कुणाला सांगता येत नाही.
कागदावर एक वेळ लिहावीच लागते,
तेवढी एक लिहिली.

साडेचारला मॅडमनी आकडे मागितले.
वही फिरवून दिली.
त्यांनी मोबाइलवर फोटो घेतला, बेरीज-भागाकार तिकडे होईल म्हणाल्या.
बाळाचे पाय मुडपले. सुटकेसची चेन अडली, सुदेशने ओढली.
पडदा, डोळा, चार्जर, सगळं मोजून आत.

सिस्टरांनी विचारलं, हे इथं कधी येणार?
मॅडम म्हणाल्या, अहवाल तर जाऊ दे.

चौथा रकाना रिकामाच होता.
लिहिलं: यंत्र परत नेले.

मग खिडकी उघडण्याआधी
टेबलाच्या खणातला पेन्सिलचा खोडरबर काढला,
जुन्या पात्याचे जोड घासत बसले.
हिरवं निघालं, पितळ दिसलं.
दिवा लागला.
मी तो दहादा उघडमीट करून पाहिला.
नवव्यांदा किंचित थरथरला.